कालिंदीबाईंच्या खऱ्या बोलण्याची बखर

श्रीगजानन समर्थ. वाचणाराने सावध होऊन वाचावे, लिहिणाराचे नाव पुसू नये. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरी, आश्विनापासून मार्गशीर्षापर्यंत रहस्यकथाकारांच्या राज्यात जे वर्तमान जाहले, ते लिहितो. लिहिताना आम्हांस राग येतो, तो आवरणार नाही.

त्या राज्यास नाव नाही, तट नाही, फौज नाही. त्रिंबकराव हुपरीकर यांचा दिवाणखाना हीच राजधानी, आणि रविवारी दुपारी चहाचे वेळी दरबार भरे. मंडळी मवाळ खुनांच्या गोष्टी लिहिणारी. मुडदा पडावा परंतु रक्त दिसो नये, खुनी सापडावा तो शेजारच्या काकूंस, पोलिसांस नव्हे, आणि शोध लागेतोवर भजी गार होऊ नयेत, ऐसा यांचा धर्म. दरबारचे मुख्य त्रिंबकराव, आवाज मोठा आणि मन मऊ. शेवंताबाई लोखंडे विषप्रयोगात निष्णात, जन्मात झुरळ मारिले नाही. आणि कालिंदीबाई म्हसकर, वयाने साठीच्या, यजमान निवर्तलेले, लेकरू नाही, गणगोत म्हणावे तर हाच दरबार. शेवंताबाईंचे आणि त्यांचे सख्य ऐसे की एकीने पुस्तकात खून योजावा तो दुसरीस पसंत पडल्यावाचून करू नये.

या दरबारची एक रीत होती, तीस चकवा म्हणत. कोणी एकाने चहा पिता पिता बनावट वर्तमान खऱ्यासारखे सांगावे, आणि बाकीच्यांनी त्यातली लबाडी धरावी. जो भोळेपणाने खरे मानील त्याने सर्वांच्या कपबशा विसळाव्या, आणि कोणीच न फसल्यास सांगणाराने. त्रिंबकरावांनी एकदा घरी चोरी जाहली म्हणून डोळ्यांत पाणी आणिले होते, आणि शेवंताबाई धावत पोळीभाजी घेऊन गेल्या, तेव्हापासून त्यांची जी थट्टा जाहली ती जाहलीच. मग शेवंताबाईंनी मनाशी गाठ बांधली की पुन्हा फसणे नाही. जळो ती गाठ!

तो आश्विनात कालिंदीबाईंच्या पोटात गोळा निघाला. डॉक्टर बोलिले, "दिवाळीच्या आत ऑपरेशन करून घ्या, बऱ्या व्हाल. येताना कुणालातरी बरोबर आणा." बाई धीराच्या, परंतु यजमान इस्पितळात गेले ते परत आले नव्हते, आणि एकटीने ती पायरी चढणे त्यांच्याने होईना. दोनदा रिक्षाने दारापावेतो गेल्या आणि तैशाच माघारी फिरल्या. मग विचार केला की आपली माणसे आहेत, त्यांस सांगावे, आणि रविवारी दरबारात आल्या, आणि कप खाली ठेवून बोलिल्या, "मला बरं नाहीये. पोटात गाठ आहे, ऑपरेशन सांगितलंय. मला एकटीला भीती वाटते. कुणी येईल का माझ्याबरोबर?"

तो त्रिंबकरावांनी मांडीवर थाप मारिली, "वा कालिंदीबाई, वा! आवाज काय कापलाय!" आणि सर्वांनी टाळ्या पिटिल्या. शेवंताबाई हसून बोलिल्या, "चेहरा बघा बयेचा! मी नाही हो फसायची. कप उष्टा टाकलान्, साडी ढिली नेसलीन्, आठवडाभर तयारी केलीय हिनं. इतकं सरळ दिसतंय म्हणजे खोटंच." वास्तविक बाईंचे वजन उतरले होते, ते सर्वांनी पाहिले, आणि पाहिले म्हणूनच मानिले नाही. सामान्य माणसाने एवढे पाहून रिक्षा बोलाविली असती! कालिंदीबाईंनी एकवार सर्वांकडे पाहिले, आणि त्याही हसल्या, आणि चहा पुरा केला.

मग दिवाळी गेली. बाई दरबारास येईनाशा जाहल्या, तो मंडळी म्हणे, चकवा अद्याप चालू आहे, बाई मोठ्या जिद्दीच्या, आपणही हार जाणे नाही. आणि ऐशा थट्टेत कार्तिक सरला. मार्गशीर्षात शेजाऱ्यांनी त्रिंबकरावांस फोन केला की बाईंस बेशुद्ध स्थितीत इस्पितळात नेले आहे. त्रिंबकराव शेवंताबाईंस घेऊन धावले. पोचेतो बाई शुद्धीवर आल्या होत्या, परंतु डॉक्टरांनी बाहेरच सांगितले की आता ऑपरेशनात अर्थ नाही, उशीर जाहला.

शेवंताबाईंनी खाटेपाशी जाऊन त्यांचा हात धरिला आणि रडत भांडू लागल्या. "अगं मेले, खरं होतं तर पुन्हा का नाही सांगितलंस? ओरडायचंस! माझ्या थोबाडीत मारायचीस!"

कालिंदीबाई हळू बोलिल्या, "टाळ्या वाजल्यावर काय सांगू गं? तुम्ही सगळे इतके खूश झालात. वाटलं, घरी गेल्यावर तरी कुणी फोन करील."

"मी केला होता की फोन!"

"केलास ना. म्हणालीस, आता कबूल कर, कपबशा तुझ्याकडे."

त्रिंबकराव दाराशी उभे होते. मग कालिंदीबाईंनी पाणी मागितले, शेवंताबाईंनी चमच्याने पाजिले, आणि बाई बोलिल्या, "आज राहशील ना इथे?" शेवंताबाई राहिल्या. त्या दिवशी राहिल्या, दुसरे दिवशी राहिल्या, त्रिंबकराव घरून पेज करून आणीत, आणि मंडळी पाळीपाळीने बाहेरच्या बाकावर बसे. ज्या सोबतीसाठी बाई अडून राहिल्या ती सोबत आता भरपूर जाहली, आणि उपयोग काडीचा नाही. अमावास्येच्या आधी बाई निवर्तल्या.

दरबार पुढे एकदाच भरला. त्रिंबकराव बोलिले, "सुरुवात कुणी करावी?" कोणी केली नाही. चहा पिऊन मंडळी उठली. शेवंताबाईंनी लिहिणे सोडिले. प्रकाशकाने कारण पुसिले, तेव्हा म्हणाल्या, "मला माणसं ओळखता येत नाहीत."

एकूण तात्पर्य इतकेच. बाई खरे बोलिली, मित्रांनी टाळ्या वाजविल्या, बाई गेली. मित्र वाईट नव्हते. बखर समाप्त.