फाटकावरचा शब्द

शाळा सुटून पाऊण तास झाला होता, आणि किल्लीवाल्याची सात वर्षांची लेक ठकी फाटकाच्या आत उभी राहून सख्ख्या बापाबरोबर घरी यायला तयार नव्हती.

"आधी शब्द सांग," ती म्हणाली.

किल्लीवाला बाहेर गज धरून उभा. पंधरा वर्षं त्यानं लोकांची अडलेली कुलपं उघडली होती. एकदा तर न्हाणीघरात अडकलेला कुणाचा जावई साबणासकट बाहेर काढला होता. पण इथे त्याची अक्कल चालेना.

शब्दाची भानगड अशी. ठकी शाळेतून घरी येईपर्यंत तिच्या आईचा जीव टांगणीला लागायचा. म्हणून गेल्या वर्षी मायलेकींनी एक गुप्त शब्द ठरवला. आईऐवजी दुसरं कुणी न्यायला आलं तर शब्द विचारायचा, आणि चुकला की जायचं नाही, मग तो माणूस खाऊ देवो की ओळख सांगो. एवढ्यावर भागलं नाही. पालकसभेत उभं राहून आईनं शाळेच्या रखवालदारमामांकडून वचन घेतलं, "मूल नको म्हणालं तर सख्ख्या बापालाही सोडायचं नाही." सभा हसली. घरी किल्लीवालाही हसला.

"अगं, निदान मला तरी सांग तो शब्द!" तो बायकोला म्हणाला.

"तुम्ही कधी जाता आणायला? जायची वेळ आली की सांगेन."

वेळ आली तेव्हा सांगणारी नव्हती. सुट्टीत ती आजारी पडली आणि तीन आठवड्यांत गेली. आज शाळेचा पहिला दिवस. सकाळी किल्लीवाल्यानं लेकीच्या दोन वेण्या घातल्या, एक कानाच्या वर, एक खाली, आणि तिला वेळेवर पोचवून स्वतःची पाठ थोपटून घेतली. आणताना शब्द लागेल हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"ससा?"

"नाही." ठकी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली.

"भोपळा? गोगलगाय? चांदोबा?"

"नाही, नाही, नाही. इतका सोपा आई ठेवेल का?"

"मामा, तुम्ही तरी उघडा हो! तुमच्या पेटीचं कुलूप मीच काढून दिलं होतं ना?"

"म्हणून तर जास्त जपतोय," मामा कडीवरचा हात न हलवता म्हणाले. "कुलपं काढणारा माणूस तुम्ही."

नातवाला न्यायला आलेल्या एक आजी हे ऐकत थांबल्या होत्या. "हल्ली कुणाचा भरवसा धरावा? बाप म्हणून येतात आणि..."

"आजी, मी खराच बाप आहे!"

"खोटा असतास तरी हेच म्हणाला असतास."

बघता बघता गर्दी जमली. नुसती गंमत बघायला थांबलेलेही शब्द सुचवू लागले. कुणी फुलं, कुणी पक्षी. आजींनी आपल्या गोळीचं नाव सुचवलं, पण तेही त्यांना निम्मंच आठवलं. ठकी प्रत्येक शब्दाला नकाराची मान हलवत होती. मग तिच्या वर्गाच्या बाई बाहेर आल्या. त्या नव्या होत्या, आजच रुजू झालेल्या.

"थांबा, उगाच गोंधळ नको," त्या म्हणाल्या. "हिच्या अर्जावर आईचा नंबर आहे. सरळ तिलाच विचारते." आणि त्यांनी नंबर लावलाही.

किल्लीवाल्याच्या खिशात फोन वाजला. तो फोन तो रोज चार्ज करून जवळ ठेवायचा. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्यानं तो कानाला लावला.

"ठकीची आई बोलतेय का?" समोर उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "ती नाहीये आता."

बाईंनी फोन खाली केला. आजींनी नातवाचा हात घट्ट धरला आणि एकेक करत माणसं पांगली.

किल्लीवाला फाटकाबाहेर जमिनीवरच बसला. "ठके, मी हरलो. आईनं मला नाही सांगितला. आता तूच सांग."

ठकीनं बुटाचा बंद ओढला. "मलाच नाही आठवत."

"आँ? मग मघापासून सगळ्यांना नाही नाही कसं म्हणत होतीस?"

"ते नव्हतेच! तो कुणी म्हटला की मला लगेच कळेल." तिनं बंद पुन्हा ओढला. "मी दवाखान्यात विचारणार होते आईला. आत्या म्हणाली, आईला झोपू दे."

एवढे दिवस कोरडा राहिलेला किल्लीवाला शाळेच्या फाटकावर हुंदके देऊन रडला. गजांतून हात घालून त्यानं लेकीचा हात धरला. मामांनी आपली टोपी काढली, पुन्हा घातली.

"माझी पंचाईत झालीय हो," ते म्हणाले. "तिच्या आईला शब्द दिलाय मी."

ठकीनं बाहीला नाक पुसलं. "मामा, मूल नको म्हणालं तर सोडायचं नाही, असं म्हणाली होती आई. मी आता नको म्हणत नाहीये."

मामांनी कडी काढली.

वाटेत किल्लीवाला म्हणाला, "किल्ली हरवली की आम्ही जुडग्यातली एकेक लावून बघतो. मी रोज एक शब्द आणीन. कधीतरी लागेल."

तेव्हापासून तो रोज आणायला जाऊ लागला. "कात्री?" "नाही." "उशी?" "नाही." ती त्याच्या डोळ्यांत बघून नाही म्हणायची आणि त्याचा हात धरून निघायची. मामांनीही हजेरीवहीच्या मागच्या पानावर शब्द लिहायला घेतले. वेण्या हळूहळू एका उंचीवर आल्या.

परीक्षेच्या सुमारास एकदा सकाळी पाण्याची बाटली भरताना त्याला ठकीच्या आईची आरडाओरड आठवली. ही पोर बाटली कधी नीट बंद करायची नाही आणि दप्तर रोज भिजायचं. त्या दिवशी फाटकावर तो म्हणाला, "झाकण?"

ठकी जागच्या जागी थांबली. मामांचा हात कडीवरच राहिला.

"हाच का गं?" मामांनी हळूच विचारलं.

ठकीनं बाबाकडे पाहिलं, मग बुटांकडे. "नाही," ती खाली बघतच म्हणाली. "बाबा, उद्यापण आण हं शब्द."

किल्ली लागली की आत खटका बसतो, आणि पंधरा वर्षं सरावलेल्या माणसाला तो कळतो. किल्लीवाल्यानं तिचं दप्तर आपल्या खांद्यावर घेतलं.

"बरं," तो म्हणाला. "उद्या दुसरा आणतो."