हत्तीचा नमुना

गोडादरा वस्तीतल्या मराठी मंडळात लहान मुलांची नवी चित्रपुस्तकं आली आणि ती गल्लीत सुचवायचं काम बालवाडीच्या उज्ज्वलाबाईंनी योगराजवर टाकलं. बाई जेरीस आल्या होत्या. अध्यक्ष गंगारामभाऊंनी बजावलं होतं, रविवारी संध्याकाळपर्यंत दहा वाचकांची नावं आली नाहीत, तर पुस्तकांच्या कपाटात लग्नाची भांडी ठेवणार.

"योगराजभाऊ, आधी तुम्ही वाचा. मग घरोघरी सांगा, कोणतं चांगलंय ते."

योगराज कापड मार्केटात साड्यांचे नमुने कापायचा. रविवारी दुपारी त्याने पहिलं पुस्तक उघडलं आणि गडी हरवलाच.

"जेवी ल्या ना, भाकर थंडी व्हई गयी," बायको सरलाबाई म्हणाली.

"थांब वं, हत्ती आत्ते नदीमा उतरना!"

नदी इतकी निळी, की पांडेसऱ्याच्या कापडगिरण्यांतल्या रंगाऱ्यालाही तो रंग साधू नये. पुढच्या पुस्तकात ढगावर मांजर झोपली होती. तिच्यासोबत योगराजही तरंगू लागला आणि त्या तंद्रीत हात आपल्या वळणावर गेला. माल पसंत पडला की नमुना कापायचा, पुठ्ठ्यावर चिकटवायचा, गिऱ्हाइकाकडे धाडायचा. वीस वर्षांची सवय ती! दातेरी कात्री भराभर चालली. चार वाजेपर्यंत नऊ पुस्तकांचे नमुने नऊ घरी पोचले होते.

मंडळात परत आलेली पुस्तकं उज्ज्वलाबाईंनी उघडली आणि कपाळाला हात लावला.

"हत्तीचं तोंड कुठंय?"

"गल्लीतल्या विशाखाकडे. पुठ्ठ्यावर."

"आणि मांजर?"

"सुशांतच्या घरी गेली. बाई, नमुना पाहिल्याशिवाय माल कोण..." बोलता बोलता तो भानावर आला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एवढ्यात पुठ्ठा नाचवत विशाखा धावत आली. "काका, याचं बाकीचं अंग कुठंय?" मागोमाग सुशांत. "मांजर खाली पडली का? पछी शुं थयुं? पुढं काय झालं?" बघता बघता नऊही पोरं कपाटाला झोंबली. बाई रागवायचं विसरून नावं लिहीत सुटल्या.

सहाला गंगारामभाऊ आले. त्यांनी वहीवर बोट फिरवलं. "नऊच. भांड्यांचा टेम्पो बाहेर उभाय."

योगराजने काखेतलं दहावं पुस्तक घट्ट धरलं. ते त्याला इतकं आवडलं होतं, की त्याला कात्री लावायचा धीरच झाला नव्हता. "दहावं नाव माझं लिहा."

"तुझं? अरे, ही लहान पोरांची पुस्तकं!"

दारातून सरलाबाई म्हणाली, "मंग लिखा ना भाऊ! आमना घरमा हाऊच धाकला पोऱ्या शे."

उज्ज्वलाबाईंनी नाव लिहिलं. वयाचा रकाना तेवढा रिकामा ठेवला.