भरल्या ताटाचा वेढा

श्री अन्नपूर्णेचे स्मरण करून हकीकत लिहिली ऐसीजे: शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, आदितवारी दोन प्रहरी भोजनाच्या मेजाभोवती चौघे बसले होते. या घररूपी राज्याचे धनी केदारराव यांनी आपली अकरा वर्षांची कन्या मृण्मयीबाई हिचे ताटावर नजर रोखिली होती, आणि ताटातील कारल्याची भाजी एक फोड उष्टावून तशीच राहिली होती, आणि मेजाच्या टोकास केदाररावांचे तीर्थरूप आबासाहेब खाली मान घालून ताक पीत होते.

पूर्वी या राज्यात रीत ऐसी होती की, आबासाहेबांनी ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घातल्याविना कोणी घास उचलू नये आणि ताट स्वच्छ जाहल्याविना पाटावरून उठू नये. केदारराव आठ वर्षांचे असता याच कारल्यापायी दिवेलागणीपर्यंत पाटावर बसून राहिले, आणि पुढ्यातला भात वाळून खडे जाहला, आणि मातुश्री दाराआडून पाहत राहिल्या, परंतु आबासाहेबांचे धाकाने पुढे आल्या नाहीत. मग काळ फिरला. पाट माळ्यावर गेले आणि मेज आले, मग मेजावरही कोणी येईना. ज्याचे दालन त्याचे ताट जाहले, आणि मोबाइलावरून हुकूम सुटताच दुचाकीस्वार खोकी घेऊन दारी हजर होऊ लागले. एका छपराखाली चार भुका राहू लागल्या आणि एकीस दुसरीची ओळख उरली नाही. हे केदाररावांचे मनास फार लागले, आणि त्यांनी फर्मान काढिले की, आदितवारी सर्वांनी एकत्र बसावे आणि ताट संपल्याविना कोणी उठू नये.

"बाबा, पोळी खाल्ली, वरण खाल्लं. हे नाही जात मला," मृण्मयीबाई बोलिल्या.

"जाईल. मला जात होतं, तुलाही जाईल."

यावर केदाररावांच्या पत्नी शाल्मलीबाई आमटी वाढता वाढता बोलिल्या, "तुम्हाला अजून कुठे जातं? स्वतःच्या ताटात दोन फोडी घेतल्यात, तेही वाटीआड लपवून."

केदाररावांचा चेहरा उतरला, आणि मग ते कन्येस बोलिले, "बस इथेच. दिवे लागेपर्यंत बस."

शब्द सुटला आणि त्यांचे त्यांनाच कळले की आवाज आपला नव्हे. मुलीचे डोळे भरले. हुकूम मागे घ्यावा तर रीत जाते, न घ्यावा तर पोर जाते, ऐशा पेचात ते वडिलांकडे वळले आणि कधी न विचारिलेले विचारिते जाहले, "आबा, तुम्हीच सांगा. तेव्हा मला बसवलंत, ते बरोबर होतं का?"

आबासाहेबांनी जन्मात कोणाचे उष्टे खाल्ले नव्हते. पत्नीच्या ताटातला लाडूही त्यांनी कधी उचलिला नव्हता. त्यांनी ताकाची वाटी खाली ठेविली, आणि नातीचे ताट आपणाकडे ओढिले, आणि प्रथम ती उष्टी फोड, मग बाकीची भाजी, सावकाश चावून खाल्ली, आणि बोटाने ताट निपटिले.

"जा, हात धू," ते नातीस बोलिले.

"आबा, मी विचारलं काहीतरी," केदारराव बोलिले.

येणेप्रमाणे ताट स्वच्छ जाहले. आबासाहेब उठले, ते ताट स्वहस्ते मोरीत नेऊन ठेविले, आणि पुत्राकडे न पाहता आपले दालनी निघून गेले.