रखवालदार हजर आहे

संकट नीट दिसल्याशिवाय त्याची नोंद होत नाही, आणि नोंद झाल्याशिवाय ते संकट ठरत नाही. या तत्त्वाला धरून फुलसावंगीच्या टेकडीवर एक रडार बसवण्यात आलं. साध्या रडारला आभाळातलं विमान दिसतं. या रडारच्या लहरी लेसरच्या प्रकाशातून घडवलेल्या असल्यामुळे त्याला शेतातल्या रोह्याची शेपटीसुद्धा दिसते. (रोही म्हणजे नीलगाय. मानीबाईंच्या तुरीत रोही रोज दुपारी येतात हे गावाला आधीही ठाऊक होतं. पण गावाचं काय, गाव काहीही बोलतं.)

मानीबाई आजवर तेलाचा रिकामा डबा बडवून रोही हाकलत. पत्रा रडारवर भलताच चमकतो आणि चित्र बिघडतं. म्हणून प्रकल्पप्रमुख रजतसाहेबांनी डबा जमा करून घेतला. रीतसर पावतीही दिली.

"मंग रोही कोन हाकलन?" मानीबाईंनी विचारलं.

"आधी फोटो नीट येऊ द्या, मावशी."

"मले फोटू नाही पायजे, तूर पायजे."

ही मागणी प्रकल्पाच्या कक्षेत बसत नव्हती.

पहिलं चित्र आलं आणि खरं सांगतो, ऊर भरून आला. रोही सात. शेताच्या मधोमध एक रखवालदार. उंची पाच फूट चार इंच, दोन्ही हात पसरलेले, जागेवरून तसूभरही न हललेला. सदऱ्याला पाच टिचबटणं, पैकी दोन तुटलेली. (बटणं मोजणारं रडार महागाव तालुक्यात हे पहिलंच.) सदरा मानीबाईंच्या यजमानांचा, विठ्ठलरावांचा होता आणि आत कडब्याचं बुजगावणं होतं. पण आत काय आहे, असा रकाना तक्त्यात नाही.

रखवालदार हजर, म्हणजे शेत सुरक्षित. नियमच तसा आहे. तेव्हा ओरडत धावणाऱ्या मानीबाईंची नोंद 'अनावश्यक हालचाल' अशी झाली आणि त्यांना बांधापलीकडे बसवण्यात आलं. तीन दिवसांत तुरीच्या एकतीस ओळी गेल्या. चित्रं मात्र एकाहून एक सरस आली. जनरेटर सांभाळणाऱ्या अब्रारला राहवेना.

"साहेब, रोही तूर खाऊन राह्यले ना!"

"कशावर दिसलं?"

"डोळ्यानं."

"डोळ्याचं रिझोल्यूशन किती?"

अब्रार जनरेटरकडे परत गेला. त्याच्याकडे आकडा नव्हता.

चौथ्या दिवशी रखवालदाराला उत्कृष्ट सेवेचं प्रशस्तिपत्र मंजूर झालं. तो घ्यायला आला नाही, म्हणून ते मानीबाईंच्या हाती दिलं. त्यांनी ते रोह्यांच्या दिशेने बडवून पाहिलं. कागद वाजत नाही. त्या बांधावर बसून रडल्या, आणि मला, अहवाल लिहिणाऱ्याला, फार वाईट वाटलं. (अहवालात तसं लिहिलेलं नाही.)

आता वाचकहो, एक साधी तपासणी. सदऱ्याची किती टिचबटणं तुटलेली होती? दोन. शाब्बास! आणि मानीबाईंच्या तुरीच्या ओळी किती गेल्या?

असू द्या, मागे जाऊन बघू नका. टेकडीवर एक जागा भरायची आहे. तुम्ही चालाल.