आतला माणूस

विमान उतरलं की आपण म्हणतो, 'उतरलं'. साळवे म्हणायचा, 'उतरला'.

चिकलठाण्यातल्या आमच्या कारखान्यावरून विमान खाली येऊ लागलं, की हा हातातला पाना ठेवून शेडबाहेर जायचा. ते झाडांआड टेकेपर्यंत हलायचा नाही. मग आत येऊन, कुणी विचारलेलं नसताना, 'उतरला' म्हणायचा आणि कामाला लागायचा. सुपरवायझरनं मेमो देऊन पाहिला. आम्ही त्याची नक्कल करायचो. कँटीनमध्ये कुणी बाकावर बसलं तरी 'उतरला' म्हणायचो.

एकदा मी त्याचं व्याकरण काढलं. तो म्हणाला, "विमानाचं काय, भंगार हाय ते. आतला उतरला."

साळवे आधी हवाई दलात होता. लढाईत विमानांना बॉम्ब लावायचं काम त्याच्याकडे. त्याचा एक पायलट सगळे बॉम्ब तसेच घेऊन परत आला होता. खाली पुलावर बायापोरं दिसली म्हणून. वरिष्ठांनी त्याला फाडून खाल्लं. दुसऱ्या दिवशी तो गेला, तो आलाच नाही. ही हकीकत साळवे आम्हाला सारखी सांगायचा, आणि दर वेळी पहिल्यांदाच सांगितल्यासारखी.

आमचा वेल्डर सलीम, सिल्लोडचा. त्यानं कुठंतरी वाचलं, की पुढच्या लढायांत विमानात माणूसच नसणार. खालून बटणं दाबून चालवणार. "अच्छा है ना साळवे, अपना कोई मरेगा नहीं."

साळवेनं डबा बंद केला. "मंग पुलावर कोण हाय ते बघून मागं कोण फिरंल?"

सुट्टीचा भोंगा झाला तरी तो तेच बोलत होता. पुढं त्याला चिडवायचं म्हणून आम्ही मुद्दाम बिनमाणसाच्या विमानाचा विषय काढायचो.

मग विद्यापीठाच्या नामांतराचा वाद गावोगाव पेटला. साळवेचं गाव पाचोडच्या पुढं. तिथला बौद्धवाडा जाळला, त्यात त्याचं घर गेलं. शेजारणीनं ओढून बाहेर काढलं म्हणून आई वाचली. तिला तो उस्मानपुऱ्यातल्या खोलीवर घेऊन आला. पेटवणाऱ्यांत बापू होता, साळवेचा शाळेतला दोस्त, लहानपणी घरच्यांना चोरून या आईच्या हातची भाकर खाणारा. आईनं त्याला डोळ्यांनी पाहिलं होतं.

साळवे कामावर आला तेव्हा कुणी काही विचारलं नाही. शेवटी सलीमच हळूच म्हणाला, "साळवे, वो बी तो आदमीच थे. देख के जलाए."

"व्हय," साळवे म्हणाला. "पण त्याला जाऊन इचारता तरी येतं. मशीनला काय इचारणार?"

आणि तो खरंच विचारायला निघाला. एकट्याला कसं सोडायचं, म्हणून मी बरोबर गेलो. सकाळीच बापूच्या ओट्यावर जाऊन बसलो. त्याच्या बायकोनं लांबूनच पाण्याचा तांब्या ठेवला आणि दार लोटून घेतलं. येणारेजाणारे आमच्याकडं न बघता जात होते. उन्हं कलल्यावर बापू बाहेर आला.

साळवेनं एवढंच विचारलं, "आई आत हाय, ठावं व्हतं का तुला?"

बापू जमिनीकडं बघत "व्हतं," म्हणाला आणि आत निघून गेला.

आम्ही परतीची एसटी धरली. खोलीवर पोचलो तर म्हातारी दारातच बसलेली. आम्ही आत यायच्या आधीच तिनं विचारलं, "बापू भेटला का रं? काय म्हनला?"

साळवेनं चपला काढल्या. तिच्या शेजारी टेकत म्हणाला, "तुझी चौकशी केली त्यानं."