गोड विहिरीत मीठ कुणी टाकलं?

साहेब, आमच्या गोड विहिरीत मीठ तुम्ही टाकलंत. चोरून नाही, मांडव घालून टाकलंत.

विज्ञान हे गाडी जाईल तिथवरच जातं, हे मान्य करायला हवं. लोधिवलीजवळच्या आमच्या वाडीत खालच्या आळीचं बोअर खारं, पण तिथली वाट चिखलाची. गंगाबाईची विहीर गोड, पण डांबरी रस्त्याला लागून. म्हणून खारं पाणी गोड करायचं यंत्र गंगाबाईच्या विहिरीवर बसलं.

यंत्र उत्तमच. भाताचा तूस जाळून, त्या कोळशाच्या पाट्या केलेल्या. त्यांना इलेक्ट्रोड म्हणायचं. वीज सोडली की पाण्यातलं मीठ त्यांना चिकटतं. मूठभर कोळशात मीठ चिकटायला क्रिकेटच्या मैदानाएवढी जागा असते म्हणे. (आम्हाला स्मशानाला गुंठाभर मिळेना.)

उद्घाटनाला मीटरचा आकडा हलेना.

"मीठच सापडत नाही!" यंत्रवाले हर्षद सर घामाघूम.

"अवो, सापडंल कसं? पानी गोडच हाय," गंगाबाई म्हणाली. "खारं खाली हाय. चला, दावते."

"मावशी, पाहुणे बसलेत. त्यांचे बूट खराब होतील."

"मंग पावन्यांना च्या देते. मशीन तेवढी न्या."

मशीन नेणं योजनेत बसत नव्हतं. मीठ आणणं बसत होतं. (खर्चाचं सदर: 'चाचणी साहित्य'.) साहेब, तुमच्या हुकमाने टेंपोभर खडेमीठ विहिरीत रिकामं झालं. बायांना वाटलं, यंत्राची दृष्ट काढतायत. त्यांनी हात जोडले. आकडा टुणकन उडाला. नव्वद टक्के मीठ निघालं! टाळ्या.

पाट्या भरल्या की वीज उलटी करून त्यांचं मीठ धुवावं लागतं. ते धुवणाचं पाणी वाया जाऊ नये म्हणून परत विहिरीतच सोडतात. त्यामुळे यंत्राला मिठाची टंचाई कधीच भासणार नाही. यालाच शाश्वत विकास म्हणतात.

डॉक्टरांनी गंगाबाईला मीठ बंद केलंय. वीज असली तर ती यंत्राचं पाणी पिते. नसली, म्हणजे बहुतेक रोज, कमरेवर हंडा घेऊन चिखलातून खालच्या बोअरला जाते. ते खारं पाणीच आता वाडीतलं सगळ्यात गोड आहे. अहवालात लिहिलंय, 'लाभार्थी समाधानी'.

आणि वाचकहो, तुम्हाला हसू आलं? उद्घाटनाचा फोटो तुमच्याही मोबाईलवर आला होता. 'अभिमान वाटतो' असं लिहून तुम्हीच तो पुढे धाडलात. पाणी कसं लागतं, हे विचारलंत का कुणी?

गंगाबाईने विहिरीतून तांब्या भरून ओट्यावर ठेवलाय. पहिला घोट साहेब घेतात, की तुम्ही? उत्तर द्या.