आई ठीक आहेत काय? भाव : सत्त्याण्णव

ज्या गोष्टीचा आकडा निघतो त्या गोष्टीची काळजी मिटते, हे आधुनिक जीवनाचे मूलतत्त्व आहे. "आकडा दिसला की माणूस विचारायचं थांबतं, बघ हं," असे माझ्या सासूबाई मला एकदा म्हणाल्या होत्या. त्या एका मंत्रालयाच्या सांख्यिकी शाखेत गेली तीस वर्षे आकडेच काढत आहेत, त्यामुळे हे मत जुन्या पद्धतीचे म्हणून मी बाजूला ठेवले.

मी नोएडातल्या एका कंपनीत डॉक्युमेंटेशन लिहिते, म्हणजे टूल कसे वापरावे याची माहितीपुस्तिका. आमचे टूल भाकितांच्या बाजारातील सौद्यांची यादी देते. पुढे काय होणार यावर लोक 'होय' किंवा 'नाही' विकत घेतात, तो हा बाजार. 'होय'चा भाव शंभरात नव्वद, म्हणजे गोष्ट घडण्याची शक्यता नव्वद टक्के. आमच्या घरी याला सट्टा म्हणतात. ते चूक आहे. सट्टा हा सट्टा. सट्ट्याची यादी हा डेटा. आणि त्या यादीची पुस्तिका हे करिअर.

ही पुस्तिका माणसांसाठी नसून एआय एजंटांसाठी, म्हणजे माणसाच्या वतीने आपणहून सौदे करणाऱ्या प्रोग्रामांसाठी आहे. (सोसायटीत एजंट म्हणजे फ्लॅट दाखवणारा, त्यामुळे लिफ्टमध्ये मला टू बीएचकेचे भाव विचारतात.) एजंट हा आदर्श वाचक. तो जांभई देत नाही आणि "थोडक्यात सांग ना यार" म्हणत नाही. तसे माझा नवरा नचिकेत म्हणतो.

पुस्तिकेला उदाहरण लागते. खरा बाजार घेतला की लीगलवाले घाबरतात, म्हणून नचिकेतने सरावाचा एक बाजार उघडून दिला. पैसे नाहीत, नुसते पॉइंट. प्रश्न आमच्या घरात रोज विचारला जाणाराच ठेवला : 'आई आज ठीक आहेत काय?' आई, म्हणजे सासूबाई, दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या स्वस्त मार्केटामागे सरकारी क्वार्टरमध्ये एकट्या राहतात. मला चौदा महिन्यांची उत्तरा आहे, नचिकेतला मीटिंगा आहेत, नणंद वैभवी पुण्यात आहे. तिघांनाही आईंची अतोनात काळजी आहे. तिघांनी आपापले एजंट बाजारात उतरवले. शिष्टाचार म्हणून आईंनाही अकाउंट दिले.

काळजीची कार्यक्षमता कमालीची वाढली. पहिल्या आठवड्यात आईंना फोन : अकरा, सौदे : चार. पुढच्या महिन्यात सौदे : दोन हजारांवर, फोन : एक (तोही उत्तराने माझा मोबाइल चघळताना लागलेला). माझा एजंट 'होय' घेई, कारण वैभवीचा घेत होता. वैभवीचा घेई, कारण नचिकेतचा घेत होता. नचिकेतचा एजंट माझ्यावर विसंबून होता, कारण सून जवळ राहते. 'होय'चा भाव सत्त्याण्णववर स्थिरावला, 'नाही'चा उरलेल्या तीनवर. मी स्वभावाने काळजीखोर, त्यामुळे उत्तराला भरवताना दर घासाला यादी बघत असे. इतके लक्ष मी आईंकडे पूर्वी कधीच दिले नव्हते.

एका शनिवारी दुपारी भाव एक्केचाळीसवर आला.

कोणीतरी भसाभस 'नाही' विकत घेत होते. मी तातडीची पावले उचलली. पान पुन्हा उघडून पाहिले, बग नोंदवला आणि त्याला 'मध्यम' प्राधान्य दिले.

"कुणाचा तरी एजंट भरकटलाय, यार. रीस्टार्ट मार," नचिकेत म्हणाला.

वैभवीचा पुण्याहून फोन आला. "वहिनी, कुणाकडे तरी आतली माहिती आहे बिल्कुल. तू नाहीस ना घेत? माझे सगळे पॉइंट चाललेत."

मग मी, माझ्याच पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे, 'खरेदीदार' हा रकाना वाचला. खरेदीदार आई होत्या.

मी त्यांना फोन लावला.

"आई, 'नाही' तुम्ही घेतलंत?"

"घेतलं. तीन पॉइंटला मिळत होतं. एवढं स्वस्त आमच्या मार्केटातसुद्धा मिळत नाही."

"पण म्हणजे... काय झालंय तुम्हाला?"

"सकाळी बाथरूममध्ये घसरले. मनगट सुजलंय. शेजारच्या राधाने बर्फ बांधलाय."

"सकाळी? मग फोन नाही का करायचा?"

"तुम्ही सगळे बाजारात असता ना. म्हटलं, तिथेच भेटू."

मनगट मोडले होते. आम्ही पोचलो, प्लास्टर झाले, आणि बाजाराचा निकाल 'नाही' असा जाहीर होऊन तिघांचे पॉइंट आईंना मिळाले. वैभवीने अभिनंदनाचा मेसेज पाठवला, मग तो पुसून तब्येतीचा पाठवला.

आमच्या वरिष्ठांना हे उदाहरण अतिशय आवडले. आता ते पुस्तिकेत आहे : 'जाणकार खरेदीदार कसा ओळखावा'. त्याच्या शेवटी मी एक ओळ जोडली होती : 'शंका आल्यास संबंधित व्यक्तीस फोन करावा.' ती कापण्यात आली. 'आपला वाचक फोन करत नाही,' असा शेरा होता. (वाचक म्हणजे एजंट की माणूस, याचा खुलासा शेऱ्यात नव्हता.)

ती ओळ वाया जाऊ नये म्हणून इथे लावते. तुमच्याकडेही कुणीतरी असेल, ज्यांच्या रोजच्या सुप्रभाताच्या गुलाबावरून तुम्ही त्यांची तब्येत ठरवता आणि हात जोडल्याचे चित्र पाठवून मोकळे होता. हे वाचायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात त्यांची चौकशी झाली असती. आता तरी लावा फोन. "ठीक आहे" म्हणाले तर ठेवू नका. आज जेवायला काय केलं होतं ते विचारा, आणि कुठल्या हाताने.